अनेक पिकांकडून एका पिकाकडे : करवीरच्या शिवाराची हकीकत

कळंब्याच्या तलावाच्या बांधावर संध्याकाळी फिरावयास जाणारी मंडळी या सभेत पुष्कळ असतील. कात्यायनीच्या डोंगराकडून येणारे पाणी अडवून हा तलाव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दरबारने बांधला, तो शहराला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून. पाणी उताराने आपोआप शहराकडे येई. तेव्हापासून कळंबा म्हटले की आपणां शहरवासीयांना तलाव आठवतो, फार तर तुरुंग आठवतो. कळंबा हे शेतकऱ्यांचे गाव आहे ही गोष्ट आपल्या ध्यानात राहात नाही. आणि आता तर बांधावर उभे राहून पाहिले म्हणजे उसाचे तुकडे आणि नव्या घरांच्या चौकटी यांत कोण कोणाला गिळतो आहे हेच पाहात बसावे लागते.

मागे एकदा आम्ही त्याच बाजूच्या एका वृद्ध शेतकऱ्याशी बोलत बसलो होतो. ऐंशीच्या घरातले गृहस्थ. त्यांच्या वडिलांच्या तीन एकरांत काय काय होत असे ते त्यांनी बोटांवर मोजून सांगितले : पावसाळ्यात भात, नाचणा, भुईमूग, माळाच्या तुकड्यात जोंधळा आणि त्यात तुरीच्या, मुगाच्या, चवळीच्या ओळी, रब्बीला शाळू आणि हरभरा, विहिरीजवळ मिरची आणि माळवे, दोरासाठी अंबाडी, बांधावर शेवगा आणि एक रायवळ आंबा. दहा बोटे संपली, पुन्हा पहिल्या बोटापासून सुरुवात झाली. "इकत आणायचं म्हंजे मीठ, राकेल आन् कापड," ते म्हणाले. आता त्या तीन एकरांपैकी वाटणीला आलेल्या तुकड्यात ऊस आहे, नुसता ऊस. आम्ही विचारले, "आबा, मग हे सगळे सोडले का?" त्यावर ते हसले. "सोडलं न्हाई मास्तर. सुटलं."

सोडणे आणि सुटणे यांतला हा भेद आम्हांला फार मोलाचा वाटला. ते सुटले कसे, आणि पुन्हा धरू म्हटले तर हाताला काय लागते व काय आडवे येते, एवढाच आजचा आमचा विषय आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. जुन्या काळच्या त्या अनेक पिकांकडे पाहून आपण शहरातले लोक हळवे होतो. पण ती रीत शेतकऱ्याने आवडीने पत्करलेली नव्हती. ती त्याची गरज होती. पाऊस केव्हा दगा देईल याचा नेम नाही, १८७६-७७ आणि १८९६-९७ या दुष्काळांची आठवण घराघरांत ताजी, तेव्हा एक गेले तर दुसरे हाती लागावे म्हणून एकाच वावरात चार बियाणी पडत. सुतार, लोहार, चांभार, न्हावी यांचे बलुते धान्यात द्यावयाचे असे. म्हणून प्रत्येकाला धान्य पिकविणे भागच होते. बैलाला कडबा लागे, म्हणून जोंधळा. घरच्या माणसांना डाळ लागे, म्हणून तूर. या व्यवस्थेत पोटाला आधार होता. पण हातात पैसा नव्हता, आणि सारा तर रोकड भरावा लागे. ती रोकड सावकाराकडून येत असे. जुन्या शिवाराचे गुण गाताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

ऊस त्या काळीही होता. पण ज्याची विहीर, ज्याची मोट, ज्याचे दोन जोड बैल आणि ज्याच्या उकिरड्यात भरपूर खत, त्याचे ते पीक. इतर पिकांतले ते एक होते, सर्वांवर बसलेले नव्हते.

पहिला मोठा फरक पडला तो रेल्वेने. १८९१ साली मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला, आणि १८९५ साली छत्रपती शाहू महाराजांनी स्टेशनाजवळ शाहूपुरी ही गुळाची पेठ वसविली. महाराज गादीवर येऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. या पेठेचे महत्त्व आपण पुरेसे ओळखलेले नाही असे आम्हांला वाटते. गुऱ्हाळात काहिलीतून निघालेला गुळाचा रवा गाडीत घालून शेतकऱ्याने शाहूपुरीत आणावा, अडत्याने तो लावावा, आणि तेथून तो गुजरातपर्यंत जावा, असा एक सरळ रस्ता तयार झाला. रानभेंडीच्या रसाने मळी काढून पिवळाधमक गूळ करण्याची कला येथे होतीच. तिला आता गिऱ्हाईक मिळाले. याच महाराजांनी पन्हाळ्यावर चहा-कॉफीची लागवडही करून पाहिली, शेतकीची प्रदर्शने भरविली. नव्या पिकांचा त्यांना मोठा सोस होता. चहाचा प्रयोग पुढे टिकला नाही. गुळाची पेठ मात्र उभी राहिली ती राहिलीच. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याची मुळे त्या पेठेत आहेत.

दुसरा फरक पाण्याने पडला. १९०७ साली महाराजांनी भोगावतीवर मोठे धरण बांधण्याचा संकल्प केला. आपल्या कन्येच्या नावाने राधानगरी हे गाव वसविले. पैशाअभावी काम मध्येच थांबले, आणि ते पुरे व्हावयास स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडावा लागला. ते धरण झाले आणि नदीवर ठिकठिकाणी ज्यांना सगळा महाराष्ट्र 'कोल्हापूर पद्धतीचे बंधारे' म्हणून ओळखतो ते बंधारे उभे राहिले. पावसाळा संपला की बर्गे घालावयाचे, पावसाळ्याच्या तोंडावर काढावयाचे. मध्यंतरी नदी म्हणजे एक लांबलचक तळे. त्या तळ्यातून सहकारी उपसा योजनांचे पंप पाणी चढवू लागले. जे पाणी पूर्वी मोटेने तासभर काढावे, ते आता नळातून धोधो येऊ लागले. आणि बारमाही पाणी मिळाले म्हणजे बारमाही पीक येणारच.

तिसरी गोष्ट कारखान्यांची. १९३२ साली सरकारने परदेशी साखरेविरुद्ध संरक्षण देणारा कायदा केला, आणि त्याच दशकात कसबा बावड्यास साखर कारखाना निघाला. पण खरा बदल सहकारी कारखान्यांनी केला. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला वाट दाखविली, आणि पाठोपाठ आपल्या जिल्ह्यात रत्नाप्पा कुंभारांनी पंचगंगा, तात्यासाहेब कोरे यांनी वारणा, पुढे भोगावती, कुंभी-कासारी, बिद्री असे कारखाने उभे केले. यात शेतकरी मालक झाला, हे लहान काम नव्हे. गावात शाळा आल्या, रस्ते आले, पोरे इंजिनियर झाली. उसावर टीका करणाऱ्याने आधी या गोष्टीला नमस्कार करावा आणि मग बोलावे.

परंतु या तिन्हींहून अधिक बारकाईने पाहण्याजोगी गोष्ट आहे कर्जाची. आणि तिच्याकडे आमच्या मते कोणी फारसे पाहात नाही. १९५४ साली अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. गोरवाला हे तिचे अध्यक्ष, गाडगीळ हे सभासद. सहकारी कर्ज शेतकऱ्यापर्यंत पोचावे व परत यावे याकरिता कर्ज आणि मालाची विक्री यांची सांगड घाला, असे त्या अहवालाचे एक मुख्य सूत्र होते. विचार उत्तम. पण सांगड घालावयाची तर माल एका दाराने गेला पाहिजे. जोंधळा दहा दारांनी जातो : थोडा घरात, थोडा बहिणीकडे, थोडा बाजारात, थोडा देणे म्हणून. ऊस मात्र एकाच दाराने जातो, कारखान्याच्या गव्हाणीत. तेव्हा विकास सेवा सोसायटीने उसावर कर्ज द्यावे, कारखान्याने बिलातून ते परस्पर कापून जिल्हा बँकेस पाठवावे, आणि उरलेली रक्कम सभासदाच्या खात्यावर पडावी, अशी घडी बसली. बँकेला वसुलीची चिंता नाही, सोसायटीला चिंता नाही. पीकवार कर्जाची मर्यादा ठरताना मग ऊस वर आणि बाकीची पिके खाली राहिली, यात नवल काय? ज्याला मुलीचे लग्न करावयाचे आहे, ज्याला घराला पत्रे घालावयाचे आहेत, तो माणूस कोणते पीक लावील हे सांगावयास ज्योतिषी नको.

यावर कायद्याने कळस चढविला. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे दिले पाहिजेत, न दिल्यास पंधरा टक्के व्याज. दर केंद्र सरकार बांधून देते. २००९ पासून त्याला रास्त व किफायतशीर दर म्हणतात, आणि तो साखरेच्या उताऱ्याशी बांधलेला आहे. आपल्या जिल्ह्याचा उतारा देशात वरच्या क्रमांकाचा. शंभर किलो उसातून बारा किलोंच्या वर साखर निघते. कारखाने पैसे वेळेवर देतात असे नव्हे. ते मिळविण्यासाठी शेतकऱ्यांना रस्त्यावर उतरावे लागले आहे, हे आपण पाहिले आहे. पण भांडावयास हातात कायदा तरी आहे. कोथिंबिरीच्या पेंडीला कोणता कायदा आहे? जोंधळ्याला, सोयाबीनला हमीभाव जाहीर होतो. परंतु त्या भावाने घेणारा दारात उभा असेलच असे नाही.

तेव्हा ऊस हे आळशाचे पीक आहे, असे जे चहा पिता पिता आपल्याकडे बोलले जाते, ते आम्हांला अन्यायाचे वाटते. पेठ, रेल्वे, धरण, बंधारा, पंप, कारखाना, बँक, कायदा, संशोधन केंद्र, आणि बीड-उस्मानाबादकडून तोडीला येणाऱ्या टोळ्या, एवढी सगळी फौज शंभर-सव्वाशे वर्षांत एका पिकाच्या मागे उभी राहिली. ते पीक सोपे झाले, याचा दोष शेतकऱ्याला कसा देता येईल?

आता एखाद्याने मनात आणले की आपण या उसाच्या समुद्रात पुन्हा चार पिके घेऊ, तर काय होते? आबांनी एक वर्ष हौसेने अर्धा एकर शाळू पेरला होता. शाळू उत्तम आला. कणसे भरली आणि पाखरे आली. पूर्वी सगळ्या शिवारात जोंधळा असे, तेव्हा पाखरे सगळीकडे वाटली जात. कोणाच्याच पदरात फार मोठी खोट येत नसे. शिवाय प्रत्येक वावरात माळा असे, माळ्यावर गोफण घेतलेले पोर असे. आता चार मैलांतली सगळी पाखरे त्या अर्ध्या एकरावर उतरली. पोर शाळेत, सून कामावर, लेक गोकुळ शिरगावच्या कारखान्यात पाळीवर. आबा एकटे डबा वाजवीत उभे राहिले. "पाखरांनी खाल्लं, उरलं ते मळायला खळं न्हाई. खळ्याच्या जागी पोराची मोटरसायकल हाय." आम्हांला हे हसून सांगितले, पण ते हसण्यासारखे नाही. पिकांची विविधता ही एकट्याने करावयाची गोष्ट नाही, ती शिवाराची असते. खळे, बैल, पाभर, गोफण, बियाण्याची कणगी आणि भांगलणीच्या बायका, ही सर्व मिळून एक व्यवस्था होती. ती मोडल्यावर नुसते बी पेरून भागत नाही.

पाण्याचीही तीच गत. उपसा योजनेची पाळी उसाच्या मानाने बसलेली. भाजीला पाणी हवे असते थोडे आणि वारंवार. पाळी येते पुष्कळ आणि उशिरा. शेजारच्या उसाचे पाणी पाझरून हरभऱ्यात येते आणि हरभरा पिवळा पडतो. जमिनीचे तुकडे लहान, त्यामुळे शेजाऱ्याचे पाणी टाळता येत नाही. १९४७ च्या तुकडेबंदीच्या कायद्याने तुकडे थांबतील अशी अपेक्षा होती. कळंब्यासारख्या शहरालगतच्या गावात तर आता गुंठ्याचा भाव हाच पिकाचा शत्रू झाला आहे. ज्या जमिनीवर उद्या घर व्हावयाचे तिच्यात आज फळझाड कोण लावील?

पण हे असे झालेच पाहिजे होते असे नाही, आणि इतिहासाचा उपयोग येथे होतो. धुळे भागात पांझरेच्या काठी फड पद्धती पिढ्यान् पिढ्या चालत आली. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, दरसाल फड फिरावयाचा. उसाचा फड एक, बाकीचे हंगामी. पाणी पाटकऱ्याने द्यावे, वाद पंचांनी सोडवावा. प्रत्येकाला प्रत्येक फडात तुकडा असल्यामुळे उसाचा पैसाही मिळे आणि घरचे धान्यही. इंग्रजी अमदानीत, विसाव्या शतकाच्या आरंभी, विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली, तिच्यातही हाच विचार होता : उसाला जमिनीचा काही हिस्साच द्यावा, उरलेल्यात हंगामी पिके फिरवावी, म्हणजे पाणी अधिक लोकांना पुरेल आणि जमीन चिबड होणार नाही. पुढे १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत सुरू केली. तिने पाणी जमिनीवर न देता माणशी दिले, माणशी अर्धा एकर, आणि उसाला साफ बंदी केली. १९७९ साली सरकारने नेमलेल्या समितीने धरणांचे पाणी आठमाही द्यावे, म्हणजे उसाकडे न जाता अनेकांच्या खरीप-रब्बीला जाईल, अशी शिफारस केली. ही शिफारस कागदावर मान्य झाली; शिवारात किती उतरली ते आपण जाणताच. नायगावचे जमले, कारण तेथे पाण्याआधी नियम आला. आमच्याकडे पाणी आधी आले.

आणि तरीसुद्धा आपल्याच जिल्ह्यात एक गोष्ट जमली आहे. ती म्हणजे दूध. १९६३ साली जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ निघाला. आज आपण त्याला गोकुळ म्हणतो. शेतीला जोडधंदा द्या, असे व्याख्यान देणारे पुष्कळ होते आणि आहेत. पण दुधाच्या बाबतीत व्याख्यानाबरोबर गावात संकलनाची संस्था आली, चारी ठाव घेणारी गाडी आली, गुरांचा डॉक्टर आला, पशुखाद्य आले, आणि मुख्य म्हणजे दर दहा दिवसांनी बिल आले. उसाचा पैसा वर्ष-दीड वर्षाने येतो आणि बहुधा पुरुषाच्या खात्यावर, तोही कर्ज कापून. दुधाचा पैसा दहा दिवसांनी येतो, आणि म्हशीची धार काढणारी, वैरण घालणारी बाई त्यावर हक्क सांगू शकते. शिवाय तोडणीच्या दिवसांत उसाचे वाडे म्हशीला फुकटात मिळते. म्हणजे दूध उसाशी भांडत आले नाही, त्याच्या कडेने आले. गंगावेशीत संध्याकाळी समोर पिळलेले दूध पिणाऱ्या आपणां मंडळींना हा अर्थशास्त्राचा धडा रोज पेल्यातून मिळतो.

उसाच्या दोन ओळींत पहिले तीन-चार महिने भुईमूग, सोयाबीन, हरभरा, कोबी-फ्लॉवर घेणे, हेही त्याच जातीचे. जोड ओळींची पट्टा पद्धत आल्यापासून त्यास जागाही मिळते. येथे पाखरांना एकटे वावर सापडत नाही, पाणी निराळे मागावे लागत नाही, आणि कर्ज उसाच्याच नावावर असते. ज्यांनी ज्यांनी हे केले त्यांनी कोणाचे उपदेश ऐकून केले नाही. शेजाऱ्याच्या भुईमुगाचे पोते पाहून केले. द्राक्षांचेही तसेच झाले. तासगावचा शेतकरी द्राक्षाकडे वळला तो शेजाऱ्याच्या मांडवाखाली बसून. १९६० साली बागाईतदारांनी आपला संघ काढला आणि छाटणी, औषध, बाजार यांचे ज्ञान एकमेकांना दिले. १९९० साली सरकारने रोजगार हमीतून फळबागांना शंभर टक्के अनुदान दिले, तेव्हा कोरड्या तालुक्यांनी तिचे सोने केले. सांगोल्याचे डाळिंब त्यातले. आपल्याकडे ती योजना आली आणि उसाच्या पानांआड दिसेनाशी झाली.

एका पिकाचे देणे मात्र आता वसूल होऊ लागले आहे. शिरोळ तालुक्यात अति पाणी आणि खत यांनी हजारो एकर जमीन क्षारपड झाली. ज्या काळ्या रानात सोने पिकले तेथे पांढरा थर आला. तेथील दत्त साखर कारखान्याने जमिनीखाली सच्छिद्र नळ घालून पाण्याचा निचरा करण्याचे काम हाती घेतले आणि पडीक रान पुन्हा लागवडीस आणले, हे साखर कारखान्याने केले हे विशेष. पुढे २०१९ चा महापूर आला आणि २०२१ चाही. पुरात ऊस तग धरतो असा लौकिक होता; पण शेंड्यावरून पाणी आठ-आठ दिवस राहिले आणि उभा ऊस कुजला. ज्याचे सगळे एकाच पिकात होते, त्याचे सगळे गेले. अशा वेळी दावणीची म्हैस ज्याने वेळेवर उंचावर नेली, त्याचे घर दूध घालून चालले.

आबांकडे मागच्या संक्रांतीनंतर आम्ही पुन्हा गेलो होतो. उसाच्या कडेने, पाटाजवळ, सुनेने वांगी, मेथी आणि घेवडा लावला होता; ती पहाटे पाटी घेऊन कपिलतीर्थ मंडईत जाते आणि दहाच्या आत परत येते. तिला सोसायटीकडून त्यासाठी कर्ज मिळत नाही, ते तिने मागितलेलेही नाही. आबा ओट्यावर बसले होते. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी हाक मारून थांबविले.

"मास्तर, तुमी गावोगाव हिंडता. जुन्या शाळूचं बी कुठं गावलं तर पायलीभर आणा. औंदा दोघं-तिघं मिळून पेरायचं म्हणतोय. एकट्याचं पाखरं ठेवत न्हाईत."